न्हाणीघरातील शोभिवंत झाडे : आधी उजेड पाहा, मग झाड निवडा



पूर्वी खेड्यातील न्हाणी घराच्या मागच्या अंगाला असे. दगडी फरशी, शेजारी पाण्याचा बंब, आणि सांडपाणी जेथे जिरे तेथे अळूचा वाफा, कर्दळीची रांग व केळीचे एखादे बेट. ही लागवड कोणी शिकवली नव्हती. ओल भरपूर, ऊन पुरेसे आणि पाणी रोजचे, म्हणून त्या जागेला मानवणारी झाडे तेथे टिकली. आता नवीन बांधकामात न्हाणीघर घराच्या आत आले आहे. भिंतींना टाइल्स आणि वर छताजवळ एक लहान खिडकी किंवा झरोका, असे त्याचे रूप झाले. अळू-केळी मागे राहिली आणि त्यांच्या जागी रोपवाटिकेतून आणलेली शोभेची कुंडी आली.

ही कुंडी बहुतेक घरांत दोन-तीन महिन्यांत मरते. पाने पिवळी पडतात, देठ मऊ होतो आणि शेवटी कुंडी परसात उपडी केली जाते. घरातील मंडळी म्हणतात, पाणी कमी पडले असेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पाणी जास्त झालेले असते आणि त्याच्याही आधी जागा चुकलेली असते. न्हाणीघरासाठी झाड कसे निवडावे आणि ते कसे जगवावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

न्हाणीघराचे हवामान

जागा दमट आहे, म्हणजे झाड जोमाने वाढणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. आंघोळीच्या वेळी गरम पाण्याच्या वाफेने हवेतील सापेक्ष आर्द्रता झपाट्याने वाढते, हे खरे. परंतु दार-खिडकी उघडताच ती पुन्हा उतरते. म्हणजे झाडाला दिवसातून एक-दोन वेळा थोडा काळ दमट हवा मिळते व उरलेला वेळ घरातील इतर खोल्यांसारखाच जातो. फरशी ओली राहत असल्याने थोडा फरक पडतो, इतकेच.

आपल्या राज्यात विभागानुसार हा फरक कमी-जास्त होतो. कोकणात पावसाळ्यात सगळे घरच दमट असते. तेथे न्हाणीघराचा वेगळा लाभ नाही, उलट बुरशीचा त्रास अधिक. याउलट विदर्भ व मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता फार खाली येते. अशा वेळी नेच्यासारख्या नाजूक पानांच्या झाडांना ओसरीपेक्षा उजेडाचे न्हाणीघर अधिक मानवते. नाशिक-निफाड पट्ट्यात थंडीच्या लाटेत रात्रीचे तापमान बरेच उतरते. त्या दिवसांत अॅग्लोनिमासारखी उष्ण प्रदेशातील झाडे उघड्या झरोक्याच्या थेट झोतात ठेवू नयेत, पाने काळी पडतात.

दमटपणाने बाष्पोच्छ्वास कमी होतो, पानांच्या कडा करपत नाहीत, एवढा त्याचा उपयोग. परंतु झाडाचे अन्न दमटपणातून तयार होत नाही. ते प्रकाशातून तयार होते.

मर्यादित घटकाचा नियम

ब्लॅकमन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ साली मर्यादित घटकांचा नियम मांडला. एखादी क्रिया अनेक घटकांवर अवलंबून असेल, तर तिचा वेग त्यांतील सर्वांत तोकड्या घटकाने ठरतो, असा त्याचा आशय आहे. शेतात आपण हे नेहमी पाहतो. पिकाला नत्र भरपूर दिले, पण ओल नसेल तर खत वाया जाते. न्हाणीघरात ओल आहे, ऊब आहे, हवा आहे. तोकडा घटक एकच, तो म्हणजे उजेड.

आपल्या डोळ्यांना अंधुक प्रकाशाची सवय लवकर होते, म्हणून खोलीतील उजेडाचा अंदाज नेहमी चुकतो. निरभ्र दिवशी दुपारी उघड्या शेतात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. खोलीत खिडकीलगत तो एक-दोन हजार लक्सपर्यंत उतरतो आणि खिडकीपासून सहा-सात फूट आत गेल्यावर कित्येकदा शंभर-दोनशे लक्सही उरत नाही. दुधी काच असेल तर आणखी घट. दाट उसाच्या बुडख्याची पाने का वाळतात, हे आपणांस माहीत आहे. ज्या पानाला मिळणाऱ्या प्रकाशात त्याच्या स्वतःच्या श्वसनापुरतेही अन्न तयार होत नाही, ते पान झाड टाकून देते. अंधाऱ्या न्हाणीघरात संपूर्ण झाडाचीच गत उसाच्या खालच्या पानासारखी होते. साठवलेले अन्न असेपर्यंत ते हिरवे दिसते, म्हणून पहिले एक-दोन महिने काही कळत नाही.

सावलीतील झाडांची गोष्ट थोडी वेगळी आहे. घनदाट जंगलात मोठ्या वृक्षांखाली वाढणाऱ्या वनस्पतींचे श्वसन मंद असते व त्या थोड्या प्रकाशावर भागवतात. आपल्याकडे सांगली भागातील पानमळ्यात शेवरी-शेवग्याच्या सावलीत नागवेल वाढते, ती याच स्वभावाची. न्हाणीघरासाठी अशीच झाडे शोधावयाची आहेत. मात्र सावलीतील झाडालाही काही किमान उजेड लागतोच. अंधारात कोणतेही झाड जगत नाही.

उजेडाची परीक्षा

झाड विकत घेण्यापूर्वी पुढील परीक्षा करावी. तिला पाच मिनिटे पुरतात.

निरभ्र दिवशी सकाळी ११ ते १२ च्या दरम्यान न्हाणीघरातील दिवा बंद करावा. जेथे कुंडी ठेवावयाची आहे तेथे पांढरा कागद ठेवावा व त्यावर सुमारे एक फूट उंचीवर हात धरावा.

१) बोटांची सावली ठळक व रेखीव पडली, तर उजेड भरपूर आहे.
२) सावली पडते, बोटे वेगळी दिसतात, पण कडा पुसट आहेत, तर उजेड मध्यम आहे.
३) नुसताच अंधुक डाग दिसतो, बोटे ओळखू येत नाहीत, तर उजेड कमी आहे.
४) सावली पडतच नाही व भर दुपारी दिव्यावाचून वर्तमानपत्र वाचता येत नाही, तर ही जागा झाडासाठी नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी लक्स मोजणारे अॅप वापरून पाहावे. ते अगदी अचूक नसले तरी दोन जागांची तुलना करण्यास पुरते. साधारणपणे २५० लक्सच्या खाली काहीच नीट जगत नाही. २५० ते १,००० लक्स हा कमी, १,००० ते ५,००० लक्स हा मध्यम आणि त्यापुढे भरपूर उजेड समजावा.

खिडकीची दिशाही पाहावी. पूर्वेचे सकाळचे कोवळे ऊन बहुतेक सर्व झाडांना मानवते. उत्तरेचा उजेड सौम्य व एकसारखा असतो. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आत येते. पश्चिमेच्या काचेतून एप्रिल-मेमध्ये येणारे दुपारचे ऊन मात्र पाने भाजते. तेथे कुंडी काचेपासून दूर ठेवावी.

झाडांची निवड

अ) कमी उजेडासाठी

स्नेक प्लांट : मूळ पश्चिम आफ्रिकेतील. तलवारीसारखी जाड, उभी पाने. अननसाप्रमाणे याची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे पाणी फार कमी लागते. थोड्या जागेत, कोपऱ्यात बसते. अंधुक प्रकाशात वाढ जवळपास थांबते, पण झाड तग धरते. अभिवृद्धी केळीच्या मुनव्यांप्रमाणे बुडातून फुटलेली पिले वेगळी करून करावी. पिवळ्या कडेच्या जातीचे पान तोडून लावल्यास नवीन रोपाला पिवळी कडा येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

झीझी प्लांट : पूर्व आफ्रिकेतील. मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात व त्यांत पाणी साठते. पाने तुकतुकीत असल्याने न्हाणीघरात शोभून दिसते. याला मारणारी एकच गोष्ट, ती म्हणजे रोजचे पाणी.

मनी प्लांट : सर्वांच्या परिचयाचे. कमी उजेडातही वाढते, परंतु पानांवरील पिवळे पट्टे कमी होऊन पाने हिरवी होतात व पेरे लांबतात. पाने लहान व पेरी लांब दिसू लागली की उजेड अपुरा आहे असे समजावे. उसाच्या टिपरीसारखी दोन डोळ्यांची कांडी तोडून लावल्यास सहज रुजते, त्यामुळे विकत घेण्याची गरज पडत नाही.

अॅग्लोनिमा : आग्नेय आशियाच्या जंगलातील. हिरव्या व रुपेरी पानांच्या जाती कमी उजेडात चालतात. लाल-गुलाबी पानांच्या जातींना मध्यम उजेड लागतो. अंधुक जागेत त्यांचा रंग उतरतो.

आ) मध्यम उजेडासाठी

पीस लिली : गर्द हिरवी पाने व पांढरा फुलोरा. पाण्याची गरज झाली की पाने मान टाकतात व पाणी देताच काही तासांत उभी राहतात, त्यामुळे नवशिक्यास सोयीचे. उजेड कमी पडला तर झाड जगते पण फुलत नाही.

सिंगोनियम : बाणाच्या टोकासारखी पाने. वेल वाढू द्यावी किंवा शेंडे खुडून झुडूप करावे.

स्पायडर प्लांट : दक्षिण आफ्रिकेतील. गवतासारखी पट्टेदार पाने. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जसे धुमारे सुटून रोपे लागतात, तशीच याला लागतात. टांगत्या कुंडीस उत्तम. क्षारयुक्त पाण्याने पानांची टोके करपतात.

कॅलेथिया : पानांवरील नक्षी फार सुंदर, पण झाड हट्टी. कोरडी हवा व जड पाणी दोन्ही सोसत नाही. दमटपणाचा खरा लाभ याला होतो. नवशिक्याने पहिले झाड म्हणून हे घेऊ नये.

इ) मध्यम ते भरपूर उजेड व सतत ओलाव्यासाठी

बोस्टन फर्न व इतर नेचे : ओल व दमट हवा यांवर नेचे खुलतात. थेट ऊन नको, पण उजेड चांगला हवा. मातीचा गोळा पूर्ण वाळू देऊ नये.

हंसराज : आपल्याच सह्याद्रीतला नेचा. पावसाळ्यात जुन्या विहिरींच्या कड्यांत, ओढ्याकाठच्या दगडांत तो आपण पाहिला असेल. काळा, बारीक, चमकदार देठ व नाजूक पाने. ज्या न्हाणीघराची हवा विहिरीच्या कड्यासारखी गार, ओलसर व उजेडाची आहे, तेथे तो रमतो. जंगलातून उपटून आणू नये. रोपवाटिकेतील रोप घ्यावे.

नागवेल : खिडकी मोठी असेल तर खायच्या पानाची वेलही येते. पानाला देवघरात मान असल्याने काही घरांत ती न्हाणीघरात लावणे रुचणार नाही. तेथे ती न्हाणीबाहेरच्या भिंतीच्या सावलीत लावावी.

तुळस, गुलाब, मोगरा, जास्वंद, कोरफड ही उन्हाची झाडे आहेत. ती अंगणातच ठेवावीत.

रोप घेताना व आणल्यावर

रोपवाटिकेत पान उलटून पाहावे. देठाच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा पानाखाली खवले कीड दिसल्यास रोप घेऊ नये. बुडाशी माती चिकट, आंबूस वासाची असेल तर मूळकूज असण्याचा संभव असतो. खूप मोठे झाड घेण्यापेक्षा १५ सें. मी. कुंडीतील मध्यम रोप घ्यावे. लहान रोप नव्या जागेशी लवकर जुळवून घेते.

शेडनेटमधील रोप थेट अंधुक न्हाणीघरात नेऊ नये. प्रथम आठ-दहा दिवस ओसरीत, नंतर आठ-दहा दिवस खोलीत खिडकीजवळ आणि मग न्हाणीघरात, असे टप्प्याटप्प्याने न्यावे. सुरुवातीस दोन-चार पाने गळणे स्वाभाविक आहे. घाबरून पाणी व खत वाढवू नये.

कुंडी भरणे

शेतातील काळी माती कुंडीत भरू नये. ती पाणी धरून ठेवते, वाळल्यावर आकसते व तडकते. अंधाऱ्या जागेत ती लवकर वाळतही नाही. एक भाग पोयटा माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट व एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. स्नेक प्लांट व झीझीसाठी वाळू दुप्पट घ्यावी. शेणखत अर्धवट कुजलेले असल्यास मातीवर बारीक काळ्या माश्या घोंगावू लागतात व न्हाणीघरात ते नकोसे होते. कुंडीच्या तळाला छिद्र असलेच पाहिजे.

पाणी व्यवस्थापन

न्हाणीघरातील झाडे मरण्याचे सर्वांत मोठे कारण जास्तीचे पाणी हेच आहे. नळ हाताशी असतो आणि आंघोळ करणारा प्रत्येक जण जाता-जाता तांब्याभर पाणी ओततो. घरात पाच माणसे असतील तर झाडाला दिवसातून पाच वेळा पाणी मिळते. उजेड कमी म्हणजे अन्ननिर्मिती कमी, वाढ कमी आणि म्हणून पाण्याची गरजही कमी. पाणी साचले की मातीतील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात व कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून झाड सुकल्यासारखे दिसते. ते पाहून पुन्हा पाणी घातले जाते.

यावर उपाय सोपा आहे. पाणी देण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे सोपवावे. त्या व्यक्तीने बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. स्नेक प्लांट व झीझीला माती पूर्ण वाळल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी पाणी द्यावे. मनी प्लांट, अॅग्लोनिमा, सिंगोनियम व स्पायडर प्लांटला वरची एक इंच माती कोरडी झाल्यावर. नेचे व पीस लिलीला वरचा थर किंचित सुकताच. येथे दिलेले दिवस केवळ अंदाजासाठी आहेत. बोटाला लागलेली ओल हीच खरी खूण.

बोअरवेलचे पाणी जड असेल तर मातीवर व कुंडीच्या काठावर पांढरा थर साचतो व पानांची टोके करपतात. पावसाळ्यात पागोळीचे पाणी झाकणाच्या पिंपात धरून ठेवावे व ते वापरावे. महिन्यातून एकदा कुंडी बाहेर नेऊन भरपूर पाण्याने माती धुऊन काढावी व निथळू द्यावी. साबणाचे पाणी कुंडीत पडू देऊ नये.

खत

ठिबकसाठी आणलेले १९:१९:१९ हे विद्राव्य खत घरात असतेच. मार्च ते ऑक्टोबर या काळात महिन्यातून एकदा, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, एवढे पुरे. कमी उजेडातील झाडांना दोन महिन्यांतून एकदाच द्यावे. खताने उजेडाची उणीव भरून निघत नाही. न वापरलेले क्षार मातीत साचून मुळे जळतात.

सुरक्षितता

हा भाग घरातील सर्वांनी वाचावा.

झरोका मोकळा ठेवा : न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात तो साचून माणसे दगावण्याच्या घटना आपल्या राज्यात घडल्या आहेत. सरपणाच्या बंबाचा धूरही असाच घातक आहे. झरोक्याच्या तावदानांत कुंडी ठेवून किंवा त्यावर वेल चढवून हवा अडवू नये. झाडापेक्षा झरोका महत्त्वाचा.

लहान मुले व जनावरे : मनी प्लांट, अॅग्लोनिमा, पीस लिली, सिंगोनियम, झीझी व डिफेनबेकिया ही सर्व अळूच्या कुळातील आहेत. अळू नीट शिजले नाही तर घसा खवखवतो, तो त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या झाडांच्या पानांत असतात. अळू आपण शिजवून, चिंच घालून खातो. ही पाने मूल कच्ची चावते. डिफेनबेकियाने तोंड व जीभ सुजते, म्हणून रांगती मुले असलेल्या घरात ते ठेवूच नये. इतर कुंड्या उंचावर ठेवाव्यात. मुलाने पान चावल्यास तोंड पाण्याने धुवावे व सूज आल्यास किंवा गिळण्यास त्रास झाल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. ज्यांना ही काळजी नको त्यांनी बोस्टन फर्न, स्पायडर प्लांट किंवा कॅलेथिया निवडावे. ही विषारी नाहीत.

डास : कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो व आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. बाटलीत पाण्यावर वाढवलेला मनी प्लांट व 'लकी बांबू' यांतही हाच धोका आहे. २००१ साली चीनहून अमेरिकेतील कॅलिफोर्नियात गेलेल्या लकी बांबूच्या मालाबरोबर एडिसची एक जात तेथे पोहोचली होती. आठवड्यातून एक कोरडा दिवस आपण पाळतोच. त्या दिवशी ताटल्या पुसून काढाव्यात व बाटलीचे पाणी बदलून ती आतून घासावी.

फवारणी : पिकासाठी आणलेले कीटकनाशक न्हाणीघरात कधीही फवारू नये. बंद जागेत ते श्वासावाटे शरीरात जाते. पिठ्या ढेकूण दिसल्यास कुंडी बाहेर सावलीत न्यावी, ओल्या फडक्याने कीड पुसावी व एक लिटर पाण्यात ५ मि. लि. निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण मिसळून फवारावे. आठ दिवसांनी पुन्हा फवारावे.

स्वच्छतेची रसायने : फरशी अॅसिडने धुण्यापूर्वी कुंड्या बाहेर काढाव्यात व वास गेल्यावरच परत ठेवाव्यात. अॅसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

ओली कुंडी जड असते. ती गिझरवर, बटणांच्या वर किंवा डळमळीत फळीवर ठेवू नये.

काही गैरसमज

न्हाणीघरातील झाड हवा शुद्ध करते, असे सर्वत्र सांगितले जाते. १९८९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने केलेल्या प्रयोगांचा त्यासाठी आधार घेतला जातो. ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत केले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार, नेहमीच्या वायुवीजनाइतका परिणाम साधण्यासाठी खोलीच्या दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील. खिडकी उघडल्याने हवा शुद्ध होते. झाडाने न्हाणीघर देखणे व प्रसन्न होते.

झाड ओल शोषून घेते व भिंतीची बुरशी जाते, हाही गैरसमज आहे. झाड मुळांनी घेतलेले बहुतेक पाणी पानांतून पुन्हा हवेतच सोडते. बुरशी असल्यास प्रथम हवा खेळती करावी.

न्हाणीघर अंधारे असेल तर

परीक्षेत जागा चौथ्या क्रमांकात आली तर निराश होण्याचे कारण नाही. दोन मार्ग आहेत.

पहिला, पाळीपाळीने झाडे ठेवणे. स्नेक प्लांट किंवा मनी प्लांटच्या दोन कुंड्या कराव्यात. एक न्हाणीघरात व दुसरी ओसरीत उजेडात ठेवावी व दर आठ दिवसांनी अदलाबदल करावी. उजेडात झाड अन्न साठवते व त्यावर पुढचा आठवडा काढते. शेंडा पिवळा पडू लागला तर त्या झाडास महिनाभर बाहेरच ठेवावे. वीज उपलब्ध असल्यास पांढरा एलईडी दिवा झाडाच्या जवळ रोज १० ते १२ तास लावूनही भागते, परंतु एका कुंडीसाठी एवढी वीज जाळावी का, याचा विचार ज्याने त्याने करावा. दिव्याची जोडणी पाण्यापासून सुरक्षित असावी.

दुसरा मार्ग जुनाच आहे. आतल्या अंधारात कुंडी कुढत ठेवण्यापेक्षा न्हाणीचे सांडपाणी बाहेर जेथे पडते तेथे कर्दळ, केळी व अळू लावावे. पाणी साचून राहू नये म्हणून शोषखड्डा करावा व त्याच्या कडेने ही लागवड करावी. शौचालयाचे पाणी व अॅसिडचे पाणी त्यात सोडू नये, तसेच कच्च्या खाण्याच्या पालेभाज्या व कोथिंबीर तेथे घेऊ नयेत.

सारांश

१) प्रथम कागद व हात घेऊन उजेडाची परीक्षा करावी, झाड त्यानंतर निवडावे.
२) कमी उजेडास स्नेक प्लांट, झीझी, मनी प्लांट व हिरवा अॅग्लोनिमा, मध्यम उजेडास पीस लिली, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, उजेड व ओलावा दोन्ही असल्यास नेचे.
३) पाणी एकाच व्यक्तीने, बोटाने ओल पाहून द्यावे.
४) झरोका मोकळा, ताटली कोरडी व शेतीची कीटकनाशके न्हाणीघराबाहेर ठेवावीत.
५) लहान मुले असलेल्या घरात अळूच्या कुळातील झाडे हाताच्या टप्प्याबाहेर असावीत.

जमीन पाहून पीक घ्यावे, हे आपण शेतात पाळतो. तोच नियम हातभर रुंदीच्या खिडकीतील एका कुंडीलाही लागू आहे. पहिल्या वर्षी एकच झाड घ्यावे. ते एक उन्हाळा व एक पावसाळा पाहून टिकले, तर त्याच्याच कांड्या व पिले काढून दुसरी कुंडी भरावी आणि एखादी शेजारीही द्यावी. देताना उजेडाची परीक्षा सांगण्यास मात्र विसरू नये.